वहीतली थंडी

३ ऑक्टोबर १९८६, शुक्रवार

आलो एकदाचा. रात्रभर एस.टी.त बसून अंग आंबून गेलं होतं, पण घाट उतरताना उजाडलं आणि सगळा शीण पळाला. भातं पिवळी पडायला लागली आहेत. रत्नागिरीच्या स्टँडवर आंबा बागायतदार मंडळाचे अध्यक्ष महिपतराव स्वतः घ्यायला आले होते. माझी वळकटी त्यांनी मला उचलू दिली नाही. पुण्यात मला कुणी पाण्याचा पेला उचलून दिलेला आठवत नाही.

मंडळाची छोटी वेधशाळा गावाबाहेर सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, नजर जाईल तिकडे कातळ. तिथे मला दोन खोल्यांचं कौलारू घर मिळालंय. मागच्या दारातून समुद्राची पट्टी दिसते. निजायच्या खोलीच्या खिडकीला हापूसचं एक कलम अगदी खेटून आहे. हौसाबाई म्हणून खालच्या वाडीतली बाई दोन वेळचा डबा आणणार. आज कुळथाचं पिठलं आणि भात होता, दोनदा घेतला.

काम सोपं आहे. रोज सकाळी साडेआठला अंगणातली पांढरी झडपांची पेटी उघडायची, आदल्या रात्रीचं किमान तापमान वाचायचं, वहीत लिहायचं आणि सायकलने बाजारात जाऊन मंडळाच्या फळ्यावर खडूने मांडायचं. खरं काम वेगळं आहे. यंदाची थंडी कधी आणि किती पडणार, हे मी आधी सांगायचं. आंब्याचा मोहोर थंडीवर येतो आणि सगळ्या तालुक्याचं वर्ष मोहोरावर चालतं. डिसेंबरपर्यंत माझा अंदाज खरा ठरला तर नोकरी कायम.

पुण्याच्या कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाने माझी कल्पना स्वतःच्या नावावर छापली आणि बढती मिळवली. मला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही असं आई म्हणायची. म्हणू दे. इथे माझ्या बरोबरीचं कुणीच नाही, हे लिहितानासुद्धा किती बरं वाटतंय.

८ ऑक्टोबर

सामान लागलं. माझं मॉडेल टेबलावर मांडलंय: तीस वर्षांचे आकडे, नऊ तक्ते आणि प्रोग्रॅम भरता येणारा कॅल्क्युलेटर. सप्टेंबरचा पाऊस, ऑक्टोबरमधला दिल्ली आणि रत्नागिरीच्या हवेच्या दाबातला फरक, काश्मिरात पहिला बर्फ पडल्याची तारीख, एवढं भरलं की डिसेंबरचं किमान तापमान निघतं. पुण्यातला एक मित्र परदेशी संगणकाने काढलेले नकाशे टपालाने पाठवतो. चार दिवसांपुढच्या हवेचा नकाशा सहा दिवसांनी पोचतो. तरी मी ते भिंतीला लावले आहेत, आल्यागेल्यावर छाप पडते.

कपाटात जुन्या वह्या आहेत. माझ्याआधी सखाराम नावाचे गृहस्थ इथे बारा वर्षं नोंदी करत होते. पाच वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून जागा रिकामीच होती. अक्षर सुरेख. शेवटच्या महिन्यात मात्र आकडे थरथरत गेलेले दिसतात. आजारी असावेत.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज माझा विरस झाला.

सोनं द्यायला महिपतरावांकडे गेलो. त्यांना वाटलं, मलाही बरोबर न्यावं. कुठे, तर खालच्या वाडीत, सखारामांच्या विधवा बायकोकडे. कमळाबाई. पन्नाशीच्या, काटक, सातवीसुद्धा शिकलेल्या नसतील. त्यांच्या घरापुढच्या खळ्यात पंधरावीस बागायतदार आधीच जमले होते, प्रत्येकाच्या हातात नारळ. दरवर्षी दसऱ्याला त्या हिवाळा सांगतात म्हणे. कधी चुकलेलं कुणाला आठवत नाही.

रीत अशी. घटस्थापनेपासून रोज सूर्य बुडाला की त्या सड्यावरच्या एका ठरलेल्या कातळावर अनवाणी उभ्या राहतात. दिवसभर तापलेला दगड पायाखाली निवायला किती वेळ घेतो, ते मनात मोजतात. नऊ दिवसांच्या मोजणीवरून थंडी सांगतात. आज त्यांनी सांगितलं की यंदा दगड निवतच नाही, संक्रांतीच्या आत थंडी नाही, मोहोरासाठीच्या फवारणीची घाई करू नका.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कुणी विचारलंच नाही. वर नकाशे लावून बसलेला एम.एस्सी. झालेला माणूस कोपऱ्यात आपट्याची पानं धरून उभा.

वाईट याचं वाटतं की रीत खुळचट नाही. ढग, दमटपणा, वारा, सगळं त्या दगडाच्या निवण्यात येतं. पुस्तकात याला चार पानांचं गणित आहे. माझ्या डोक्यात ते यायला हवं होतं.

१९ ऑक्टोबर

मॉडेल पाच वेळा चालवलं. उत्तर स्वच्छ आहे: थंडी लवकर. पंधरा नोव्हेंबरपासून पारा उतरायला लागेल आणि आठ डिसेंबरला १३.० अंशांवर येईल. मंडळाच्या बैठकीत रोजच्या आकड्यांचा तक्ता वाटला. महिपतराव हसून म्हणाले की आता दोन अंदाज झाले, बघू कोण जिंकतं.

ते गमतीत म्हणाले. मला रात्री जेवण गेलं नाही.

संध्याकाळी, कुणी नाही असं बघून, त्या कातळावर चपला काढून उभा राहिलो. दगड कोमट होता. किती वेळ मोजायचं कळेना. पायाला मुंग्या आल्या आणि घरी आलो.

४ नोव्हेंबर

दिवाळी संपली. कमळाबाईंनी हौसाबाईंबरोबर चकल्या पाठवल्या होत्या. चांगल्या झाल्या होत्या, म्हणून आणखीच राग आला.

उकाडा आहे. पंखा लावूनही बनियन भिजतं. पण पंधरा तारीख अजून लांब आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पेटीत २०.१. माझा तक्ता म्हणतो १९.५.

मी वहीत १९.५ लिहिलं. अर्धा अंश तर आहे. डोळा जरा वरखाली झाला की एवढा फरक सहज पडतो. फळ्यावर लिहिलं तेव्हा चारपाच जण थांबून बघत होते. एक जण म्हणाला की घाटावरचे साहेब बरोबर निघणार बहुतेक. घरी येताना सायकल हलकी वाटत होती.

दुपारी जरा शिरशिरी आली. हिवताप नसावा.

२० नोव्हेंबर

पेटीत २०.४. वहीत १८.६.

खाली बाजारात लोक घामाघूम आहेत, पण सडा उंचावर, तिथे थंडी पडत असेल असं ते आपणहून एकमेकांना समजावतात. मला खोटं बोलावंही लागत नाही. आज दोघांनी फवारणी सुरू केल्याचं कळलं. कमळाबाईंच्या खळ्यात सध्या कुणी बसलेलं नसतं, हे मी मुद्दाम त्या वाटेने जाऊन पाहिलं.

मला मात्र थंडी वाजते. भर दुपारी स्वेटर घालून बसलोय. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंडात तापमापक धरला, झटकला, पुन्हा धरला. पारा पहिल्या रेघेलाही पोचत नव्हता. तापमापक बिघडलाय म्हणाले आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

मोहोर!

खिडकीला खेटलेल्या कलमाला, माझ्या उशाकडच्या फांदीला, हातभर मोहोर आलाय. अख्ख्या तालुक्यात एका झाडालाही तुरा नाही. मी सायकल मारत महिपतरावांकडे गेलो, त्यांना घेऊन आलो. मागोमाग तीसेक माणसं. प्रत्येकाने फांदी हाताने चाचपून पाहिली. आता शंकाच नको, असं महिपतराव सगळ्यांदेखत म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नंतर हात मागे घेऊन ते तळव्याकडे बघत राहिले.

कमळाबाईही आल्या होत्या. सगळे मोहोराकडे बघत होते, त्या माझ्याकडे बघत होत्या. हरल्या की माणसं अशीच बघतात.

आजच्याइतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही.

२५ नोव्हेंबर

पेटीत २०.६. वहीत १७.४.

मोहोर फक्त त्या एकाच फांदीला आहे. बाकी सगळं झाड कोरं आहे. फांदी माझ्या उशापासून वीतभर अंतरावर.

हौसाबाईंनी डबा हातात दिला तेव्हा माझी बोटं त्यांच्या बोटांना लागली. डबा खाली पडला. त्या भात गोळा करायला लागल्या. आता डबा उंबऱ्यावर ठेवून जातात.

२७ नोव्हेंबर

एक सुटा तापमापक वेधशाळेच्या कपाटात होता. काखेत धरला, दहा मिनिटं. ३३.१.

बिघडलेला नाही. उकळत्या पाण्यात आणि बर्फात दोन्हीकडे तपासला.

माणसाचं अंग ३६.८ असतं. आज पेटीत २०.७ होतं, मी १७.० लिहिलं. फरक ३.७. छत्तीस पूर्णांक आठमधून तीन पूर्णांक सात गेले की उरतात ३३.१.

योगायोग असतो कधीकधी.

२८ नोव्हेंबर

पेटीत २०.८, वहीत १६.८. फरक ४.०. काखेत ३२.८.

योगायोग नाही.

संध्याकाळी कमळाबाई आपणहून आल्या. आत बोलावलं नाही, तरी ओट्यावर बसल्या. सगळं सांगितलं. सखारामांनाही बायकोचं खरं झालेलं सोसायचं नाही. लोक वहीला विचारत नाहीत, हिच्या पायाला विचारतात, हे त्यांना खुपायचं. पाच वर्षांपूर्वी तिने उशिराची थंडी सांगितली, त्यांनी लवकरची. आणि वहीत ते आपल्या मनाचे आकडे लिहू लागले. त्या वर्षी याच खिडकीची ही एवढीच फांदी मोहोरली होती. चार गोधड्यांखाली ते गेले, बाहेर लोक उकाड्याने अंगणात निजत होते.

मी विचारलं की असं का होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमी जो आकडा लिवता तो कुठंतरी पडतोच. पेटीत नाय पडला, तर लिवणाऱ्याच्या अंगात पडतो."

उपाय साधा आहे म्हणे. वहीतलं खोटं खोडायचं, खरं लिहायचं आणि फळ्यावर लोकांदेखत मांडायचं. सखारामांना तो माहीत होता. बायकोने पायाशी बसून विनवलं होतं. त्यांनी लिहिलं नाही.

मी म्हटलं की मी अडाणी नाही. त्या उठून गेल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

पेटीत २०.९. वहीत १६.३. काखेत ३२.२.

हात कापतो. सखारामांच्या शेवटच्या पानांवरचं अक्षर आता माझ्यासारखं दिसतं. चहा कपात ओतून तोंडाशी नेईपर्यंत गार होतो. तक्ता समोर आहे: आठ तारखेला १३.० लिहायचं. पेटीत एकवीसच्या आसपासच असेल. फरक आठ. मग अंगात उरतील अठ्ठावीस. अठ्ठाविसाला माणूस—

पुस्तकात पाहिलं. नको होतं पाहायला.

२ डिसेंबर

आज खरं लिहिलं.

सकाळी साडेआठला पेटी उघडली, २०.८. वहीत २०.८ लिहिलं. कालपर्यंतचे सगळे खोटे आकडे खोडले, वर खरे मांडले. शेवटचा आकडा लिहून होतोय तोच बोटांत ऊब आली. मग कोपरापर्यंत. छातीत. मी वहीवर डोकं टेकून रडलो. किती साधी गोष्ट होती.

खडू खिशात घातला, सायकल काढली. सड्याच्या उतारावरून खाली पाहिलं. वाडीकडे चारपाच माणसं चालली होती, हातात नारळ. फळा बघितल्यावर उद्या सगळेच जातील. तिच्या खळ्यात बसतील. ती काही बोलणारही नाही, नुसती हसेल. आणि मी आयुष्यभर तिच्या पायाने हरलेला एम.एस्सी.

परत आलो. पान फाडलं. नव्या पानावर पुन्हा सगळं लिहिलं, माझं.

शेवटचा आकडा १५.४. लिहिताना दातखीळ बसली.

४ डिसेंबर

२०.९. वहीत १४.८.

फळ्यापर्यंत जाता येत नाही, आकडा चिठ्ठीवर लिहून उंबऱ्यावर ठेवतो, हौसाबाई नेतात. चिठ्ठी त्या पदराने उचलतात.

भूक नाही. तहान नाही. थंडीही आता वाजत नाही, हेच—

आरशावर श्वासाची वाफ धरत नाही.

६ डिसेंबर

२१.०. वहीत १४.०. २९.८.

मोहोर काळा पडला. गळतोय. आतल्या बाजूला, माझ्या अंथरुणावर—

महिपतराव दारापर्यंत आले होते. इतर बागा कोऱ्याच आहेत, फवारण्या वाया गेल्या म्हणाले. शंका आहे म्हणाले. सोमवारी आठ तारखेला सगळे मिळून वर येणार आणि स्वतः पेटी बघणार. मी दार उघडलं नाही. आतून सांगितलं, या.

७ डिसेंबर

कमळा आली. शेगडी घेऊन. निखारे लाल होते, मला त्यांची धग कळत नव्हती.

ती म्हणाली की मी लोकांना तुमच्या बाजूनंच सांगते. सांगते की उशिराची थंडी वरच्या साहेबांच्या गणितात आधी आली होती, मी त्यांचंच ऐकून सांगितलं. नाव तुमचं राहू दे. फक्त खरं लिवा. एक माणूस मी असाच घालवला, दुसरा नको.

वही माझ्या पुढ्यात ठेवली. पेन बोटांत धरवलं. तिचे डोळे भरले होते.

दान देते मला. माझंच नाव मला दान. शेजारच्या टेबलावरच्याने निदान चोरलं होतं, ही तर—

तिला म्हटलं, जा. सकाळी लिहितो. गेली. शेगडी ठेवून गेली.

८ डिसेंबर

उजाडलंय. भिंतीला धरून पेटीपर्यंत गेलो. २१.२. नीट वाचलं. दोनदा.

वाटेवर माणसं दिसतात. पुढे ती आहे, हात हलवते. थांबा म्हणते आहे बहुतेक. किंवा लिहा.

वही उघडी. वेळ आहे अजून. एकवीस पूर्णांक दोन. चार अक्षरं. लिहिलं की ऊब येईल. माहीत आहे येईल. बोटांतून, मग कोपर—

आणि ते सगळे तिच्याकडे वळून बघतील.

पावलं अंगणात.

लिहिलं. किमान तापमान १३.०. तक्त्याशी तंतोतंत. माझं मॉडेल अगदी बरो